विरळ हवा आणि रक्ताची गुठळी

१९५३ च्या ऑगस्टमध्ये काराकोरममधील के-२ शिखरावर, सुमारे ७,७०० मीटर उंचीवर, एक अमेरिकन पथक वादळामुळे कित्येक दिवस तंबूंत अडकून पडले होते. त्यातील आर्ट गिल्की हा तरुण भूशास्त्रज्ञ एकाएकी कोसळला. पथकाचे नेते डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांना त्याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी आढळली. खाली आणीत असता त्याचा अंत झाला.

उंचावरील हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो. परंतु ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो व श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्या मानाने घटतो. ही उणीव भरून काढण्यासाठी मूत्रपिंडांतून एक संप्रेरक अधिक स्रवते आणि तांबड्या पेशी वाढतात. उपाय शरीराचाच, पण त्याने रक्त दाट होते. त्यातच कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जाते, थंडीत तहान जाणवत नाही आणि तंबूत पाय हालत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही गुठळीस अनुकूल बदल घडतात.

थोड्या दिवसांच्या यात्रेत धडधाकट माणसास हा धोका अल्प असतो. १९८४ पासून सियाचीनवर पहारा देणाऱ्या जवानांसारख्या दीर्घ मुक्काम करणाऱ्यांस तो अधिक. एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर तो चालण्याचा शीण समजू नये. गुठळी सुटून फुफ्फुसात पोहोचण्यापूर्वी रुग्णास खाली उतरवून वैद्यकीय उपचार मिळवून द्यावेत.