'एर्झात्स', 'ऐवज' आणि 'नक्कल'

'एर्झात्स' हा जर्मन शब्द इंग्रजीच्या द्वारें आपल्याकडे आला तो 'अस्सलाच्या जागीं चालविलेली हलकी वस्तु' या अर्थानें. एखाद्या कागदाच्या उत्तरकालीन प्रतीसही हें विशेषण लावण्याचा मोह संग्राहकांस होतो. म्हणून त्याचा मूळ अर्थ पाहणें अवश्य आहे.

'एर्झेत्सेन' म्हणजे एकाच्या जागीं दुसऱ्यास बसविणें. त्यांतील 'झेत्सेन' व आपलें 'सादयति' हीं एकाच प्राचीन धातूचीं प्रयोजक रूपें होत. जर्मन भाषेंत यंत्राचा सुटा भाग, राखीव खेळाडू व नुकसानभरपाई या सर्वांच्या नांवांत हा शब्द येतो. त्यांत हीनत्व मुळींच नाहीं. तें चिकटलें पहिल्या महायुद्धांत. १९१४ पासून ब्रिटिश आरमारानें नाकेबंदी केली, तेव्हां कॉफीच्या नांवानें भाजलेले सातू, चिकोरीचें मूळ व ओकचीं फळें यांचा काढा जर्मनांस प्यावा लागला. पावांत बटाटा आला. १९१६-१७च्या हिवाळ्यांत बटाटाही मिळेना, तेव्हां लोक सलगमाच्या जातीच्या कंदावर जगले. इंग्रजींत शब्द रुळला तो हा कडवटपणा घेऊन. परंतु चिलीच्या सोऱ्याऐवजीं हवेंतील नत्र घेऊन हाबर व बॉश यांच्या रीतीनें केलेला अमोनिया, हाही एर्झात्सच! त्यास हलका कोण म्हणेल?

मीमांसकांचा 'प्रतिनिधि' या मूळ अर्थाच्या अगदीं जवळ आहे. सोम न मिळाल्यास पूतीक, व्रीहि नसल्यास नीवार. अट एवढीच कीं प्रतिनिधि सदृश असावा. देवता, अग्नि व मंत्र यांस मात्र जैमिनि प्रतिनिधि मानीत नाहीं.

याच्या उलट गति 'ऐवज' शब्दाची. अरबी 'इवज' म्हणजे मोबदला. 'ऐवजीं' या अव्ययांत तो अर्थ टिकला. पण पेशवेकालीन कागदांत ऐवज म्हणजे रक्कम, आणि आज चोर नेतात तो ऐवज तर दागदागिन्यांचा! जर्मन शब्द उतरला, अरबी चढला.

'नक्कल' या शब्दाची गत संग्राहकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. अरबी 'नक्ल' म्हणजे उतरून घेणें. दप्तरांतील नक्कल म्हणजे उतरलेली प्रत. त्यावरूनच झालेला 'नकली' शब्द मात्र खोट्याचा वाचक झाला. या संस्कारामुळें मोडी कागदावर 'नक्कल' अक्षरें दिसतांच तो रद्दींत टाकण्याकडे नवख्याचा कल होतो. अस्सल नष्ट झाला असल्यास तीच एकमेव साक्ष असते. बनावट कागद अस्सल म्हणून मिरवतो; नक्कल आपलें नक्कलपण स्वतःच सांगते. आमच्या मतें सूचींत या दोहोंस निराळे रकाने ठेवावे, आणि जिचा अस्सल उपलब्ध नाहीं अशा नकलेपुढें तसें स्पष्ट नमूद करावें.