परक्या गाण्यांच्या आधाराने उभी राहिलेली गायिका

अमेरिकेतील अटलांटा शहर. पिझ्झा विकणाऱ्या एका दुकानात गल्ल्यावर एक तरुण मुलगी काम करीत होती. समोर एक गिऱ्हाईक आले. त्याच्या डोक्यावर ट्रकवाले घालतात तशी कॅटरपिलर कंपनीची टोपी आणि टोपीवर अक्षरे होती 'कॅट डिझेल पॉवर'. मुलीच्या बॅण्डला नाव हवेच होते. तिने मधले डिझेल तेवढे काढून टाकले आणि 'कॅट पॉवर' हे नाव घेतले. पुढे तो बॅण्ड राहिला नाही, नाव मात्र तिलाच चिकटले. आज रॉक संगीत ऐकणारे जग तिला याच नावाने ओळखते. तिचे खरे नाव शॉन मार्शल.

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी रॉक संगीत लागत असेल, हे आम्ही जाणतो. तरीही या गायिकेची हकीकत आपल्या घरांत वाचली जावी असे आम्हाला वाटते. ती स्वतः गाणी लिहिते, चाली लावते; परंतु तिच्यावर वाईट वेळ आली तेव्हा तिला दुसऱ्यांच्या गाण्यांनी तारले. आणि या गाण्यांच्या मागे जाऊन पाहिले की, घाम कोणाचा आणि पैसा कोणाचा हा आपल्या ओळखीचा प्रश्नही तेथे उभा दिसतो.

शॉनचा जन्म १९७२ चा. वडील ब्लूज वाजवणारे वादक. आईवडील विभक्त झाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात गावे बदलली, शाळा बदलल्या. अखेर शिक्षण अर्धवटच राहिले. गिटार ती कोणा उस्तादाकडे न जाता आपली आपणच शिकली. १९९२ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. तेथे 'सॉनिक यूथ' या नावाजलेल्या बॅण्डचा ढोलवादक स्टीव्ह शेली याने तिचे गाणे ऐकले आणि तो स्वतः तिच्या साथीला बसला. १९९४ च्या डिसेंबरात एकाच दिवशी इतकी गाणी ध्वनिमुद्रित झाली की त्यांतून दोन अल्बम निघाले. त्यानंतर मॅटाडोर या कंपनीने तिला घेतले. ही स्वतंत्र कंपनी होती. बड्या कंपन्यांसारखी जाहिरातीची ताकद तिच्याकडे नाही, पण कसे गावे यात ढवळाढवळही कमी, असा अशा कंपन्यांचा लौकिक असतो. (तो नेहमीच खरा ठरतो असे नाही, हे पुढे येईलच.)

१९९८ चा 'मून पिक्स' हा अल्बम गाजला. त्यातील बरीच गाणी तिने दक्षिण कॅरोलिनातील एका शेतघरात, भयंकर स्वप्नाने झोप उडाल्यावर एका रात्रीत रचली होती. आता हीच गाणी रोज रात्री शेकडो लोकांसमोर उभे राहून गायची! तिला ते सोसेना. गाणे अर्ध्यावर सोडणे, श्रोत्यांकडे पाठ करणे, वारंवार माफी मागणे असे प्रकार सुरू झाले. तिकीट काढून आलेले लोक चिडत. काहींना त्यात मौज वाटे. आम्हाला ती क्रूर वाटते.

यातून वाट निघाली ती अशी. १९९९ मध्ये तिने जोन ऑफ आर्कवरील १९२८ सालच्या जुन्या मूकपटाला साथ करण्याचे कार्यक्रम केले. पडद्यावर चित्रपट चालू आणि ही गात आहे. त्यात स्वतःची गाणी होती तशीच दुसऱ्यांचीही होती. यातूनच मार्च २००० मध्ये 'द कव्हर्स रेकॉर्ड' हा अल्बम निघाला.

दुसऱ्याने गाजवलेले गाणे आपल्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करणे म्हणजे कव्हर. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात असल्या गाण्यांचा सुळसुळाट झाला होता. चाल हुबेहूब तीच, आवाज भलत्याचाच आणि किंमत कमी. शॉनचे काम अगदी उलट्या दिशेचे आहे. रोलिंग स्टोन्सचे १९६५ सालचे 'सॅटिस्फॅक्शन' हे गाणे घ्या. जगाला त्याचे ध्रुवपद पाठ. शॉनने नेमके ते ध्रुवपदच गाळले! दणदणाट काढला, गती मंद केली, एक गिटार आणि एक आवाज एवढेच ठेवले. मूळ गाण्यात तरुणाची गुर्मी आहे. येथे दिवसभर राबून घरी आलेले, कशानेच समाधान न होणारे एक थकलेले माणूस ऐकू येते. शब्द तेच, पण गाणे निराळे. इंग्रजी न समजणाऱ्यालाही हा फरक कानाने कळेल. बारा गाण्यांच्या या अल्बमात तिचे स्वतःचे जुने गाणे एकच आहे.

अल्बमातले शेवटचे गाणे 'सी ऑफ लव्ह'. लुझियाना राज्यातील लेक चार्ल्स गावी एका मोटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलण्याचे काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाने ते प्रेयसीसाठी रचले. गायक म्हणून त्याचे नाव फिल फिलिप्स. १९५९ मध्ये ते ध्वनिमुद्रित झाले आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत पहिले, सर्वसाधारण यादीत दुसरे आले. मात्र गीतकार म्हणून रेकॉर्ड काढणाऱ्या निर्मात्याचेही नाव त्यांच्या नावाशेजारी लागले. १९८४ मध्ये दुसऱ्या एका बॅण्डने हेच गाणे गाऊन पुन्हा गाजवले. २००७ च्या 'जूनो' या चित्रपटात शॉनच्या आवाजातील गाणे घेतले गेले. आणि फिलिप्स? आपल्याला या गाण्याचे सारे मिळून ६,८०० डॉलर मिळाले, असे ते सांगत. २०२० मध्ये ते वारले.

अमेरिकेत कव्हर करायला मूळ मालकाची मनधरणी करावी लागत नाही. गाणे एकदा रेकॉर्डवर आले की कायद्याने ठरलेली रक्कम भरून ते कोणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. १९०९ च्या कायद्याने ही रक्कम दर प्रतीमागे २ सेंट ठरली आणि १९७८ पर्यंत तेवढीच राहिली! २००६ मध्ये ती ९.१ सेंट झाली. पण हा पैसा कागदावर ज्याची मालकी त्याच्याकडे जातो. चाल ज्याच्या डोक्यात जन्मली त्याच्याकडे जाईलच असे नाही. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही केल्याची किंमत आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. यात शॉनचा काही दोष नाही. उलट अशा अल्बमात गीतकाराचा वाटा बहुतेक दुसऱ्यांनाच जातो, हे ठाऊक असूनही तिने तो काढला.

तिची खरी कसोटी पुढे होती. २००५ मध्ये ती मेम्फिसला गेली. १९६८ मध्ये संपावरील कृष्णवर्णीय सफाई कामगारांना पाठिंबा द्यायला गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेच हे शहर. तेथील टीनी हॉजेस आणि त्यांचे बंधू लेरॉय या कृष्णवर्णीय बुजुर्ग वादकांसह तिने 'द ग्रेटेस्ट' हा अल्बम केला. जानेवारी २००६ मध्ये तो बाजारात आला खरा, पण गायिका मात्र कोलमडली होती. दारूने तिचा पुरता ताबा घेतला होता. दौरा रद्द झाला आणि तिला मायामीतील इस्पितळात दाखल करावे लागले. ही गोष्ट तिने दडवली नाही, वर्तमानपत्राच्या मुलाखतीत उघड सांगितली. घरातील व्यसनी माणसाबद्दल चार भिंतींआड कुजबुजणाऱ्या कुटुंबांनी हे जरूर पाहावे. त्याच वर्षी ती त्याच मेम्फिसच्या वादकांबरोबर पुन्हा मंचावर उभी राहिली, आणि या वेळी गाणी पुरी झाली.

२००८ मध्ये 'ज्यूकबॉक्स' हा दुसरा कव्हर अल्बम आला. त्यातली सगळीच गाणी जमली आहेत असे आम्हाला वाटत नाही. पण मिसिसिपीच्या जेसी मे हेमफिल या कृष्णवर्णीय गायिकेचे गोरगरिबांसाठीचे प्रार्थनागीत तिने त्यात घेतले, त्याची नोंद करायला हवी. २०१२ च्या 'सन' मध्ये बहुतेक वाद्ये तिने स्वतःच वाजवली. २०१५ मध्ये तिला मुलगा झाला. त्यानंतरचा 'वॉन्डरर' मॅटाडोरने नाकारला. ॲडेल या खपाऊ गायिकेचा अल्बम ऐकवून आपल्याला असे काही हवे असे सुचवण्यात आले, असे तिनेच सांगितले आहे. तिने गाणी बदलली नाहीत, कंपनी बदलली. २०१८ मध्ये डोमिनो या दुसऱ्या स्वतंत्र कंपनीने तो काढला.

जानेवारी २०२२ मध्ये तिचा तिसरा कव्हर अल्बम आला. नाव साधेच, 'कव्हर्स'. दारूच्या गुत्त्यात रोज ठरल्या जागी बसणाऱ्या माणसाचे एक गाणे त्यात आहे. ते 'रिप्लेसमेंट्स' या बॅण्डचे. ती बाई ते कोणत्या अनुभवाने गाते हे आता वाचकांना ठाऊक आहे. शिवाय तिचे स्वतःचे एक गाणे आहे. २००६ मध्ये त्याचे नाव 'हेट' म्हणजे तिरस्कार असे होते, आणि तो तिरस्कार स्वतःचाच होता. सोळा वर्षांनी तिने तेच गाणे पुन्हा गायले आणि नाव ठेवले 'अनहेट'. परक्यांच्या गाण्यांत ती आता आपले जुने गाणेही परक्यासारखे समोर ठेवून पाहू शकते.

अल्बमाच्या शेवटी बिली हॉलिडे यांनी गायलेले, ताटातुटीनंतरही आठवणींत भेटत राहण्याचे जुने गाणे आहे. 'सन' अल्बमाचे अखेरचे ध्वनिमिश्रण करणारा फिलीप झ्दार हा फ्रेंच मित्र २०१९ मध्ये पॅरिसला इमारतीवरून पडून गेला. हे गाणे तिने त्याच्यासारख्या गेलेल्या माणसांसाठी गायले आहे.