बहिष्कार आणि पैसा फंडाची काच

नवरात्र संपलं की मुरुडच्या बाजारपेठेत विजेच्या माळा टांगल्या जातात आणि त्याच सुमारास मोबाइलवर निरोप फिरू लागतात. अमक्या देशाचा माल घेऊ नका, तमक्या कंपनीचा साबण बंद करा. राजकीय किंवा सामाजिक कारणासाठी गिऱ्हाइकाने एखाद्या कंपनीवर बहिष्कार घालावा का? जरूर घालावा, असं माझं स्वच्छ मत आहे. मात्र घालणाऱ्याने नाकारलेल्या वस्तूच्या जागी दुसरी उभी करण्याची तजवीज केली पाहिजे आणि पहिली झळ स्वतः सोसली पाहिजे. हे मी महाराष्ट्राच्याच इतिहासातून शिकलो. त्यातही माझा जीव जडला आहे तो काचेच्या प्रकरणावर.

आधीचा इतिहास झरझर सांगून टाकतो. लोकहितवादींनी शतपत्रांत देशी मालाचा पुरस्कार केला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी नेसून गेले. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. तिच्यापायी सावरकरांना १० रुपये दंड झाला, फर्ग्युसनचं वसतिगृहही सोडावं लागलं. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनू हा गिरणी कामगार आडवा झाला आणि जिवाला मुकला. हे सारं शाळेच्या पुस्तकात आहे.

पुस्तकात फारसे भेटत नाहीत ते अंताजी दामोदर काळे. देशात उद्योग उभे राहायचे तर भांडवल हवं, आणि ते श्रीमंतांच्या दारात जाऊन मागण्यापेक्षा प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा, ही त्यांची कल्पना. एक पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. तो मोलकरणीलाही देता येत होता. टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवायला आले. लोकांच्या पैशापैशातून उभा राहिलेला हा कारखाना कारागीर घडवणारी शाळाही होता. इथे शिकलेली माणसं पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली.

काच म्हणजे सोपं काम नव्हे. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवायची तर चौदाशे-पंधराशे अंश उष्णता लागते. नळीच्या टोकाला रसरशीत गोळा घेऊन, फुंकर मारत, सतत फिरवत त्याला आकार द्यायचा. खरी परीक्षा पुढेच. घडवलेली वस्तू लगेच उघड्यावर ठेवली तर बाहेरून आधी निवते, आतून उशिरा, आणि त्या ताणाने तडकते. म्हणून ती दुसऱ्या भट्टीत हळूहळू निववावी लागते. कंदिलाच्या काचेला तर रोजच ताप. आमच्या घरी तिन्हीसांजेला आजी काच राखेने पुसायची, वातीची काजळी कात्रीने सारखी कापायची आणि पेटवल्यावर आम्हा पोरांना ओल्या हातांनी जवळ येऊ द्यायची नाही. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की काच गेलीच.

तो कंदील प्रभाकर छापाचा होता. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कराडजवळ काच कारखाना काढला. त्याच्याभोवती वस्ती वाढली, तीच ओगलेवाडी. कराडला मी मुद्दाम रेल्वेने जातो, कारण स्टेशन ओगलेवाडीला लागूनच आहे. कारखाना केव्हाच बंद पडला, तरी त्या फलाटावर उतरताना मला अजून भरून येतं. विलायती कंदील नको म्हणणाऱ्या माणसांनी देशी कंदील करून दाखवला, आणि तो आमच्या कोकणातल्या पडवीपर्यंत पोचला. परदेशातही हेच दिसतं. अमेरिकेतल्या माँटगोमेरीत १९५५-५६ मध्ये कृष्णवर्णीयांनी वर्षभराहून अधिक काळ बसवर बहिष्कार घातला. तोही टिकला तो त्यांनी आपल्या मोटारींतून एकमेकांना कामावर नेण्याची सोय उभी केली म्हणून.

होळीत मात्र माझं मन कधीच पुरतं रमलं नाही. ३१ जुलै १९२१ रोजी परळला उमर सोबानींच्या गिरणीच्या आवारात गांधीजींनी कपड्यांची मोठी होळी पेटवली, तेव्हा उघड्या अंगाच्या देशात कापड जाळायचं कसं, असा आक्षेप रवींद्रनाथांनी घेतला. स्वदेशीच्या सक्तीत गरीब व्यापारी कसा भरडला जातो, हे त्यांनी ‘घरे बाइरे’ या कादंबरीत आधीच दाखवलं होतं. आमच्या बाजारातला माळवाला मला तेच सांगतो. गणपती झाले की तो मुंबईहून माल उचलतो, रोख पैसे मोजून. बहिष्काराचा निरोप येतो तो त्यानंतर. परदेशी कारखानदाराचे पैसे तोवर मिळालेले असतात. अडकतात ते याचे.

ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरधर्मीय कुटुंबातल्या डोहाळजेवणाची जाहिरात तनिष्कने बहिष्काराच्या हाकेनंतर मागे घेतली. कंपनीने आपल्या निवेदनात कर्मचारी आणि दुकानांतल्या माणसांच्या काळजीचा उल्लेख केला होता. दागिना न घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पण काउंटरमागच्या पगारी माणसाला भीती वाटू लागली, तर त्याला मी बहिष्कार म्हणणार नाही. उलट मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं मागवणं थांबवलं, ते मला पटलं. चालता धंदा त्यांनी स्वतःचा सोडला होता आणि दुसरीकडची सफरचंदं आणायची तयारीही त्यांचीच होती.

रायगडच्या माणसाने या विषयावर लिहावं आणि वाळीत टाकण्याबद्दल बोलू नये, हे मला जमणार नाही. गावकीने एखादं घर वाळीत टाकलं की किराणा बंद, गिरणीत दळण बंद, लग्नाचं आवतण बंद, मयताला खांदा द्यायलाही कोणी नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातून अशा तक्रारी एकामागून एक येत होत्या. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. पण डॉ. आंबेडकरांनी ही मागणी गोलमेज परिषदेतच केली होती, आणि मसुद्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याची कलमं घेतली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर त्यांचा सत्याग्रह झाला तोही याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात.

कंपनीजवळ भांडवल असतं, वकील असतात, दुसरी बाजारपेठ असते. वाळीत टाकलेल्या घराला गाव एकच असतं. म्हणून मोबाइलवरच्या निरोपात कंपनीच्या नावाऐवजी एखाद्या समाजाच्या दुकानांची यादी दिसली, की तो मी पुढे पाठवत नाही. पाठवणाऱ्याला फोन करतो, आणि त्याच्याच गावात दळण कुणाचं बंद झालं होतं, ते आठवतंय का, असं विचारतो.