खर्चाचा रफार

सकाळी 8.40
कर्वेनगर, पुणे. दुसरा मजला, दोन खोल्यांचा फ्लॅट, भाडं 18,000. दाराला पाटी नाही. आत आल्यावर ती आधी फोन मोजते. पाच. सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेले. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं अँड्रॉइडचा आकडा: 8, 9, 11, 13, 14. आठवाला तापकीर गल्लीजवळून 2,200 रुपयांना आणलेला. काचेला तडा. "सगळ्यात जास्त हाच राबतो," ती म्हणते.

9.10
रात्रीचे बदल उतरवून घेतले, बिल्ड लावला. चार मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा.

इथे ती लेआउट एडिटर तयार करते. मोबाइल अ‍ॅपचा पडदा कोड न लिहिता मांडायचं साधन. डावीकडे सुटे भाग: बटण, रकाना, चित्र, यादी. मधोमध फोनची आकृती. भाग उचलायचा, आकृतीत सोडायचा. उजवीकडे त्याची मापं. कोड एडिटर स्वतः लिहितो. कल्पना नवी नाही. 1988 साली नेक्स्टच्या संगणकावर ज्याँ-मारी उलो या फ्रेंच माणसाचा इंटरफेस बिल्डर आला, तेव्हापासून लोक माउसनं बटणं ओढतायत. ओढायला सोपं असतं. ओढू देणाऱ्याचं काम निराळं.

10.25
फोन. तासगावचा गिऱ्हाईक. बेदाण्याच्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबाची अ‍ॅपं बनवतो.
"मॅडम, तुमचं बटण 'खच' म्हणतंय."
"काय म्हणतंय?"
"मी 'खर्च' लिहिलंय. फोनवर 'खच' दिसतं. अडत्या विचारतोय, हा कसला खच पडलाय?"
ती हसत नाही. "कुठला फोन आहे, दादा?"
"जुना आहे. वडिलांचा घेतलाय त्यानं."

10.45
एडिटरमध्ये 'खर्च' नीट दिसतो. चौदावर नीट. आठवर रफार गायब. ट्रेनी मुलगा फोन डोळ्यांजवळ धरतो. बार्शीचा, डिप्लोमा झालेला, महिना 14,000. "ताई, खरंच खच आहे."

मी स्टूल पुढे ओढतो. ती कागदावर दोन रेघा काढते. फोनमधला मूळ टाइप रोमन अक्षरांचा. त्यात देवनागरी नसते, ती दुसऱ्या टाइपातून उसनी येते. जुना अँड्रॉइड ओळीची उंची मात्र मूळ टाइपावरूनच धरतो. रफार, वेलांटी, अनुस्वार वरच्या रेघेबाहेर जातात. एरवी वर थोडी मोकळी जागा असते, तिच्यात ते निभावतं. नवव्या आवृत्तीपासून, 2018 साली, उसन्या टाइपाची उंची मोजायची सोय झाली.

"मग ती मोकळी जागा गेली कुठे?" मी विचारतो.
"आम्हीच काढली." एडिटरमध्ये एक टिक आहे: वरची-खालची जादा जागा काढा. इंग्रजी अक्षरं त्यानं बटणाच्या बरोबर मधोमध बसतात. सात महिन्यांपूर्वी तिनंच टाकली होती. तासगावकरानं बटण देखणं दिसावं म्हणून ती दाबली, वर बटणाची उंचीही बांधून टाकली.

1.30
डबा. 90 रुपयांचा, मावशी जिन्यातच ठेवून जातात. आज गवारीची भाजी. ट्रेनी पोळीचा घास हातात धरून शब्दांची यादी करतो: खर्च, वर्गणी, तऱ्हा, मूर्ती, कृषी, ट्रॅक्टर. ती म्हणते, "खालचेही घे. 'पुष्टू' असलं काहीतरी." तो म्हणतो, असा शब्द नाही. ती म्हणते, लोकांची नावं शब्दकोश बघून ठेवत नाहीत.

2.20
इलाज दोन ओळींचा वाटतो. मजकुरात देवनागरी असेल तर टिक चालू द्यायची नाही आणि उंची मजकुराएवढी वाढू द्यायची. बटण किमान 48 डीपी. डीपी हे अँड्रॉइडचं माप: इंचात 160. म्हणजे साडेसात मिलिमीटरच्या आसपास, अंगठ्यापुरतं. आठवाल्या फोनवर त्याचे 96 पिक्सेल होतात, चौदावाल्यावर 144. ट्रेनी पडद्याचे फोटो मोठे करून पिक्सेल मोजतो. अर्धा तास कोणी बोलत नाही.

3.40
आता बटण ओढताना अडखळतं. पडदा सेकंदाला 60 वेळा रंगवायचा, म्हणजे एका खेपेला जेमतेम 16 मिलिसेकंद. दर खेपेला मजकुराची उंची नव्यानं मोजली जातेय. ती एकदाच मोजून लक्षात ठेवायची, मजकूर बदलला तरच पुन्हा मोजायची. हे लिहायला वीस मिनिटं, कुठे अडतंय ते सापडायला दीड तास. वर दोन चहा, 24 रुपये. टपरीवाल्या काकांचं खातं महिन्याचं.

5.50
अनडू बिघडलं. एडिटर प्रत्येक कृतीसोबत तिची उलटी कृतीही जपून ठेवतो. आता मजकूर बदलला की उंचीही बदलते. या दोन कृती झाल्या, त्यामुळे मागे यायला दोनदा दाबावं लागतं. माणसानं तर एकच गोष्ट केलेली असते. दोन्ही एका गाठोड्यात बांधायच्या. ती मान मोडते, मनगट चोळते. उजव्या मनगटाला पट्टा आहे, 180 रुपयांचा.

7.30
वाद. ट्रेनीचं म्हणणं, गिऱ्हाइकांचे जुने पडदेही आपणच दुरुस्त करून टाकू. ती नको म्हणते. बटण वाढलं की खालचं सगळं सरकतं. माणसानं महिनाभर खपून मांडलेलं आपण रात्रीत हलवायचं नाही. शेवटी ठरतं: जिथे अक्षर कापलं जाईल तिथे पिवळी खूण, शेजारी एक बटण, दाबायचं की नाही ते त्यानं ठरवावं. मला हे पटलं. ट्रेनीला पटलेलं दिसलं नाही.

9.15
पाचही फोनवर यादी पुन्हा. आठवर 'खर्च', 'मूर्ती', सगळं. 'पुष्टू'चा ऊकार शाबूत. नवी आवृत्ती चढवली, तासगावला फोन.
"थांबा, बघतो." पलीकडे टीव्ही चालू. मग, "आला, मॅडम. रफार आला."
"अडत्याला दाखवा."
"तो झोपला असंल. उद्या."

ती वहीत तारीख घालते, समोर लिहिते: रफार, दोन माणसं, एक दिवस. रकमेचा रकाना कोरा ठेवते. तासगावकर वर्षाला 6,000 भरतो, दुरुस्ती त्यातच येते.