उंची बारा फूट, अंतर बारा फूट

वादळानं गाव उचललंय. इस्पितळाच्या भिंती छपरासकट उडाल्या आणि आत पलंगावर पडलेला एक बुटकासा तरुण उघड्यावर आला. मग तो पलंगच वाऱ्यासरशी रस्त्यानं पळत सुटला आणि एका लाकडी घरापुढे येऊन थांबला. वरच्या खिडकीतून कुणीतरी जीव वाचवायला त्या पलंगावर उडी टाकतो, पलंग पुन्हा चालता होतो. मागे उरतो तो तरुण, मान चोळत, भोवंडलेला, घराकडे पाठ करून. तेवढ्यात घराची अख्खी दर्शनी भिंत सुटते. तुकडे तुकडे होत नाही. सरळच्या सरळ, पेटीचं झाकण पडावं तशी पुढे येते आणि त्याच्यावर आदळते.

धुरळा खाली बसतो तर हा उभाच. पोटमाळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून उतरलेली.

'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' हा १९२८चा मूकपट, आणि तो तरुण म्हणजे बस्टर कीटन. पहिल्यांदा ही काही सेकंदं पाहिली तेव्हा मी ती पाच-सहा वेळा मागे नेऊन पाहिली. कुठेतरी जोड असणार, भिंत आधी पाडली असेल, माणूस नंतर आणून उभा केला असेल. जोड नाही. कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटो नदीच्या काठावर १९२७च्या उन्हाळ्यात खरंखुरं घर उभं केलं होतं आणि साधारण दोन टनांची खरी भिंत एका खऱ्या माणसावर पाडली होती.

मग तो वाचला कसा? याचं उत्तर आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत, फक्त ते विनोदासाठी वापरता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

भिंत तळाशी बिजागरीवर बसवलेली होती. बिजागरीवर फिरणारी वस्तू खाली येताना तिचा प्रत्येक बिंदू कमानीतून फिरतो आणि बिजागरीपासूनचं त्याचं अंतर बदलत नाही. म्हणजे उभ्या भिंतीत जी खिडकी बारा फूट उंचीवर आहे, ती आडवी झाल्यावर पायापासून बारा फुटांवरच टेकणार. माणसाला बारा फुटांवर उभं करायचं, झालं! (बारा हा आकडा मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलाय.) पण खरी गंमत पुढे आहे. साडेपाच फुटी माणूस सबंध आत घ्यायचा तर खिडकीही साडेपाच फूट उंच हवी, असं वाटतं ना? नको. भिंत त्याच्या डोक्यापाशी पोचते तेव्हा तिचा कोणता भाग तिथे आलेला असतो, हे पायथागोरसला विचारायचं. बाराचा वर्ग १४४, साडेपाचाचा ३०.२५, बेरीज १७४.२५, वर्गमूळ सुमारे १३.२. डोक्यापाशी भिंतीचा १३.२ फुटांवरचा भाग येतो आणि पायाशी येईपर्यंत १२ फुटांवरचा. म्हणजे पूर्ण माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत भिंतीच्या जेमतेम सव्वा फुटातून निसटतो. त्यात छाती-पाठीची जाडी मिळवा, थोडी सूट ठेवा, की साधी घरगुती खिडकीही पुरते. वीस फुटांवर उभा राहिला तर हाच फरक नऊ इंचांवर येतो. खिडकी जितकी उंचावर, तितकी ती लहान चालते आणि बघणाऱ्याला तितकी ती अशक्य वाटते.

अर्थात हिशेब बरोबर असला तरी भिंतीनं तो मानायला हवा. वादळ दाखवायला विमानांची इंजिनं लावून वारा सोडला होता. त्या वाऱ्यात हलकी भिंत पिळवटली असती आणि खिडकी चार इंच इकडे-तिकडे सरकली असती. म्हणून भिंत मुद्दाम जड आणि ताठ बांधली. विचित्रच आहे हे. माणूस वाचावा म्हणून त्याच्यावर पडणारी वस्तू वजनदार करायची. दोन्ही खांद्यांपाशी दोन-दोन इंच मोकळी जागा होती असं कीटन पुढे सांगत असे. टाचा कुठे टेकवायच्या ते जमिनीत खिळे ठोकून ठरवलं होतं, अशीही आठवण सांगतात.

ही युक्ती त्याला एका रात्रीत सुचली नव्हती. १९१९च्या 'बॅक स्टेज'मध्ये रंगमंचावरचा कापडी देखावा जाड्या रॉस्को आर्बकलवर पडतो आणि त्यातली खिडकी आर्बकलला वाचवते. कीटन त्या फिल्ममध्ये होताच. पुढच्या वर्षी 'वन वीक'मध्ये भिंत मोठी झाली, खाली कीटन आला. तिसऱ्या खेपेला दोन टन. एकच विनोद नऊ वर्षं घासत राहायचा, दर वेळी थोडा जड करायचा. आपल्याकडे एखादा गवई एकाच बंदिशीशी असाच वर्षानुवर्षं बसतो.

या तिन्हींतली 'वन वीक' मला सगळ्यात प्रिय. सप्टेंबर १९२०मध्ये आलेली ही दोन रिळांची फिल्म, वीस-पंचवीस मिनिटांची. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला आहेर म्हणून एक प्लॉट आणि घरच्या घरी जोडायचं घर मिळतं. लाकडं पेट्यांमधून येतात, पेट्यांवर आकडे, आकड्यांनुसार जोडत जायचं. नवरीनं ज्याला नकार दिलाय असा एक गडी गुपचूप आकडे बदलून जातो. नवरा इमानेइतबारे सूचना पाळतो. त्यातून जे घर उभं राहतं ते बघायलाच हवं. सगळ्या भिंती तिरक्या, आणि वरच्या मजल्यावर एक दार, जे थेट हवेत उघडतं. वाराचं कॅलेंडर पान पान फाटत जातं. शुक्रवारी, तेही तेरा तारखेला, वास्तुशांत म्हणावी अशी पाहुण्यांची जमवाजमव होते, वादळ येतं आणि घर भोवऱ्यासारखं गरागरा फिरू लागतं. पाहुणे आतून बाहेर फेकले जातात. हे घर खरोखर फिरत्या चकतीवर बांधलं होतं.

मग कळतं की घर चुकीच्या प्लॉटवर बांधलंय, आपली जागा रेल्वेरुळांच्या पलीकडे आहे. घराखाली पिंपं घालून ते मोटारीनं ओढायचा घाट घातला जातो. नेमकं रुळांवर येऊन अडकतं. समोरून आगगाडी येते. दोघं घर सोडून बाजूला होतात, डोळे मिटून घेतात, आपणही मिटतो. गाडी धडाडत येते आणि घराला न शिवता शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श! दोघं सैल होतात, आपण हसतो. त्याच क्षणी दुसऱ्या दिशेनं दुसरी गाडी येऊन घराच्या ठिकऱ्या उडवते.

इथे भिंतीच्या अगदी उलटा डाव आहे. तिथे कॅमेरा सगळं दाखवतो आणि काहीच लपवत नाही. इथे तो अशा कोनात ठेवलाय की रुळांच्या दोन जोड्या आहेत हे ध्यानातच येत नाही. कारण कॅमेऱ्याला एकच डोळा, त्याला खोली दिसत नाही. दुसरी गाडी ज्या दिशेनं येते ती बाजू तर चौकटीच्या बाहेरच असते, आणि मूकपटात मागून येणाऱ्या गाडीची शिट्टी कुणाला ऐकू येणार? आवाज असता तर हा विनोद मेलाच होता. 'तेव्हा बिचाऱ्यांकडे आवाज नव्हता' असं कीव केल्यासारखं बोलतात त्यांना मी ही फिल्म दाखवते. शेवटी कीटन ढिगाऱ्यावर 'विकणे आहे'ची पाटी लावतो, जोडणीच्या सूचनांचा कागदही इमानदारीनं तिथे ठेवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो.

आणखी एक जागा सांगायचा मोह आवरत नाही. नवरी, म्हणजे सिबिल सीली, टबात आंघोळ करतेय. साबण हातून निसटून बाहेर पडतो. तो घ्यायचा तर वाकायला हवं. ती कॅमेऱ्याकडे बघते, आणि एक भलामोठा हात पुढे येऊन आपल्याच डोळ्यांपुढे आडवा धरला जातो! साबण घेऊन ती टबात परत बसली की हात बाजूला. १९२०मध्ये सिनेमा ही फार तर पंचवीस वर्षांची कला होती आणि इतक्यात ती प्रेक्षकाची अशी फिरकी घेऊ लागली होती.

कीटनच्या चेहऱ्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. तो हसत नाही. घर पडो, गाडी येवो, चेहरा ढिम्म. हे पोरवयातच शिकलेलं. त्याचे आईवडील गाणी, कसरती, नकला असा मिसळीचा खेळ घेऊन गावोगाव फिरणारे, आणि 'थ्री कीटन्स' या त्यांच्या खेळात बाप या पोराला रंगमंचावर इकडून तिकडे फेकायचा. धरायला सोपं जावं म्हणून कपड्यांना मूठ शिवलेली होती. पोराच्या लक्षात आलं की आपल्याला मजा आली आणि आपण हसलो की लोक हसायचे थांबतात. तेव्हापासून त्यानं लोकांसमोरचं हसणं बंद केलं. पडावं कसं, हेही त्याला तिथेच कळलं. तरी शरीरानं वसुली केलीच. १९२४च्या 'शेरलॉक, ज्युनिअर'मध्ये रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोंढा अंगावर आल्यानं तो रुळावर आपटला, आणि त्या वेळी मानेचं हाड मोडलं होतं हे कित्येक वर्षांनी डॉक्टरांच्या तपासणीत उघड झालं.

एक गैरसमज मात्र काढायलाच हवा. त्या काळची माणसं तशी तुरुतुरु चालत नव्हती. मूकपटांचा कॅमेरा बहुधा हातानं फिरवत, आणि सेकंदाला किती चित्रं घ्यायची याचा पक्का नियम नव्हता. सोळा, अठरा, वीस, प्रसंग बघून. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस हा वेग कायम झाला, कारण वेग हलला की आवाजाचा सूर हलतो. आता सोळानं घेतलेली फिल्म चोवीसनं दाखवली तर काय होईल? एक फूट फिल्ममध्ये सोळा चित्रं बसतात. हजार फुटांचं रीळ सोळाच्या वेगानं सुमारे पावणेसतरा मिनिटं चालतं, चोवीसच्या वेगानं अकरा. पावणेसतरा मिनिटांचं आयुष्य अकरात उरकायचं म्हटल्यावर माणसं धावणारच! विनोदी नट मात्र हे जाणूनबुजून वापरत. पाठलागाच्या वेळी कॅमेरा थोडा सावकाश फिरवायचा, म्हणजे पडद्यावर पळापळ चढते. किती सावकाश, हे कॅमेरावाल्याच्या मनगटाला ठाऊक असायचं, तबलजीला लय ठाऊक असते तसं.

भिंतीचा आणि सिनेमाचा संबंध कीटनच्याही आधीचा आहे, आणि तो आपल्या मुंबईपर्यंत येतो. ७ जुलै १८९६ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या मिनिटभराच्या फिल्म दाखवल्या गेल्या, तिकीट एक रुपया. त्यात एक होती भिंत पाडण्याची. मजूर जुनी भिंत ढकलतात, ती कोसळते, धूळ उडते, संपलं. फ्रान्समध्ये ही फिल्म पुढे उलटीही फिरवून दाखवू लागले. धूळ गोळा होते, विटा उठतात आणि भिंत पुन्हा ताठ उभी राहते. ते पाहून लोक वेडे झाले. ल्युमिएरांच्या अगदी सुरुवातीच्या, १८९५च्या फिल्मांमध्येही एक विनोद होताच. माळी झाडांना पाणी घालतोय, एक पोरगा नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीत डोकावतो, पोरगा पाय उचलतो. पुढचं तुम्हाला दिसलंच असेल.

आपले दादासाहेब फाळकेही या वाटेनं गेले. ते हातचलाखी शिकलेले आणि 'प्रोफेसर केळफा' नावानं प्रयोग करणारे, फाळके उलटं केलं की केळफा. 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्म दाखवली होती. पौराणिक पोळीबरोबर ही चटणी. आज ती पाहायला मिळत नाही, आणि त्या नावाभोवती मी मनात कितीतरी गोष्टी रचल्या आहेत. मात्र १९१९चा 'कालिया मर्दन' बराचसा टिकलाय. त्याच्या सुरुवातीला कृष्णाचं काम करणारी त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यापुढे बसून नुसते चेहरे करून दाखवते. राग, रडू, हसू, एकामागून एक. तिकडे कीटननं चेहऱ्याला कुलूप घातलं होतं, इकडे नाशिकच्या या पोरीनं सगळी दारं उघडी टाकली होती.

टिकणं हा प्रकार मूकपटांच्या नशिबी फारसा नाही. नाइट्रेटची फिल्म भडकन पेटते आणि नाही पेटली तरी सडते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३मध्ये हिशेब मांडला तेव्हा तिथल्या जवळजवळ अकरा हजार लांब मूकपटांपैकी मूळ रूपात उरलेले निघाले १४ टक्के. कीटनच्या फिल्म वाचण्यात थोडा नशिबाचाही वाटा आहे. त्याचा जुना बंगला पुढे जेम्स मेसन या नटानं विकत घेतला आणि तिथे त्याला फिल्मचे डबे सापडले. तोवर लोक कीटनला जवळजवळ विसरले होते.

त्या पडत्या भिंतीचीही शेवटची गोष्ट सांगते. चित्रीकरणाच्या आदल्याच दिवशी कीटनला कळलं होतं की त्याचा स्वतःचा स्टुडिओ बंद होणार. जिवाची फिकीर त्या दिवशी वाटत नव्हती, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. तिथली हकिकत अशी सांगतात की दिग्दर्शक चार्ल्स रीस्नर तंबूत बसून प्रार्थना करत होता आणि कॅमेरावाल्यांनी कॅमेरा चालू ठेवून तोंड फिरवलं होतं. कीटनची तर भिंतीकडे पाठच होती.