करमुक्त बचत आणि महिन्याची पाच तारीख

मार्च महिन्याचा उत्तरार्ध आला की अमरावती काय किंवा अकोला काय, टपाल कचेरीच्या बचत खिडकीपुढे आणि बँकांच्या दालनांत एकच गर्दी उसळते. शाळेतील गुरुजी, महसूल खात्यातील कारकून, कृषी विद्यापीठातील कर्मचारी, कापडाचे दुकानदार अशी नाना व्यवसायांची मंडळी पासबुक हाती धरून रांगेत उभी असतात. ३१ तारखेच्या आत भविष्य निर्वाह निधीत रक्कम भरली गेली पाहिजे, एवढाच सर्वांचा ध्यास असतो. रांग पुढे सरकेपर्यंत गप्पा रंगतात आणि त्यांत एक प्रश्न हमखास निघतो : हे खाते कोठे ठेवले असता व्याज अधिक मिळेल? कोणी सांगतो, पोस्टापेक्षा बँक बरी. कोणी सांगतो, जुने खाते तसेच राहू द्यावे आणि दुसरीकडे नवे उघडावे. प्रश्न वाजवी आहे. परंतु त्याची बहुतेक उत्तरे चुकीची आहेत आणि या चुकांची किंमत सामान्य कुटुंबास मोजावी लागते. म्हणून या विषयाची थोडी शांतपणे छाननी करणे अगत्याचे वाटते.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या पीपीएफचा, कायदा १९६८ साली झाला. ज्यांना नोकरीतील भविष्य निर्वाह निधीचा आधार नाही अशा वकील, वैद्य, व्यापारी, शेतकरी यांनाही म्हातारपणाची तरतूद करता यावी, हा त्यामागील हेतू होता. आरंभी व्याजाचा दर ४.८ टक्के होता. पुढे तो चढत गेला आणि १९८६ पासून २००० च्या आरंभापर्यंत १२ टक्क्यांवर स्थिर राहिला. त्यानंतर उतरंड लागली. २००३ मध्ये ८ टक्के, मध्यंतरी २०१२ मध्ये ८.८ टक्के आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के असा हा प्रवास आहे. मूळ कायदा २०१८ साली सरकारी बचतीच्या एकत्रित कायद्यात विलीन झाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये नवी नियमावली आली; योजनेचा गाभा मात्र कायम राहिला.

या इतिहासात एक गोष्ट प्रथमपासून आजतागायत बदललेली नाही. व्याजाचा दर केंद्र सरकार ठरविते आणि तो देशभर एकच असतो. एप्रिल २०१६ पासून सरकार दर तिमाहीला या दराचा आढावा घेते. अकोटच्या पोस्टात, अमरावतीच्या राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा मुंबईच्या खासगी बँकेत खाते असो, दरात दमडीचाही फरक पडत नाही. विलायतेतील परिस्थिती निराळी आहे. तेथे १९९९ पासून ‘आयसा’ नावाची करमुक्त खाती आहेत. त्यांच्या रोख ठेवींवर प्रत्येक बँक आपापला दर देते, आणि म्हणून चांगल्या दरासाठी खाते एका बँकेतून दुसरीकडे नेण्याची तेथे पद्धतच पडून गेली आहे. हा न्याय आपल्याकडे लागू केला तर फसगत ठरलेली. आपल्या खातेदाराने अधिक व्याजासाठी दारोदार फिरण्यात अर्थ नाही.

मग अधिक व्याज मिळविण्याचा मार्गच नाही काय? आहे, आणि तो पासबुकाच्या नियमांतच दडलेला आहे. या खात्यात महिन्याच्या ५ तारखेनंतर आणि महिनाअखेरपर्यंत जी किमान शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज आकारले जाते. पाच तारखेपर्यंत भरलेल्या पैशास त्या महिन्याचे व्याज मिळते. सहा तारखेस भरलेल्यास मिळत नाही. साधे उदाहरण घेऊ. दोन शिक्षक प्रत्येकी ६० हजार रुपये दरवर्षी भरतात. एक एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरतो, दुसरा मार्चच्या अखेरच्या आठवड्यात. दर ७.१ टक्केच राहिला असे धरले तर १५ वर्षांनी पहिल्याच्या हाती सुमारे १६ लाख २७ हजार रुपये येतील, दुसऱ्याच्या हाती सुमारे १५ लाख १९ हजार. रक्कम तीच, दर तोच, मुदतही तीच. तरी फरक एक लाख आठ हजारांच्या घरातला. तो केवळ तारखेमुळे पडतो.

एप्रिलच्या आरंभी ६० हजार रुपये एकरकमी कोणाजवळ असतात, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तच आहे. पगारदाराने महिन्याचा पगार होताच पाच तारखेच्या आत पाच हजार भरावेत. वऱ्हाडातील शेतकऱ्याचा पैसा कपाशीच्या वेचणीनंतर, दिवाळीपासून माघापर्यंत येतो आणि तुरीचा त्यामागून. बाजार समितीतून मिळालेल्या पैशातील काही भाग निधीत टाकावयाचा असेल, तर येत्या महिन्याची पाच तारीख डोळ्यांपुढे ठेवावी. वर्षाला किमान ५०० रुपये भरणे आवश्यक आहे आणि कमाल मर्यादा २०१४ पासून दीड लाखाची आहे. मधल्या रकमेत व हप्त्यांत पुष्कळ मोकळीक आहे. न्यायालयाच्या हुकूमनाम्याने सावकाराला या खात्यातील रकमेवर जप्ती आणता येत नाही, ही तरतूदही कर्जाच्या छायेत वावरणाऱ्या आपल्या भागाने लक्षात ठेवावी अशी आहे.

आता खाते हलविण्याविषयी. नोकरीनिमित्त मनुष्य अकोल्याहून अमरावतीस येतो, किंवा पोस्टातील खेपा टाळून घरबसल्या पैसे भरता यावेत म्हणून त्याला बँकेत खाते हवे असते. सोय हे खाते बदलण्याचे योग्य कारण आहे. परंतु येथेच अनेकांचा पाय घसरतो. खाते ‘बंद’ करून नवे उघडावयाचे नसते; ते ‘बदली’ करून न्यावयाचे असते. ज्या कचेरीत खाते आहे तेथे बदलीचा अर्ज द्यावा. ती कचेरी खात्याचा प्रमाणित उतारा, मूळ अर्ज, वारसाची नोंद, स्वाक्षरीचा नमुना आणि शिल्लक रकमेचा धनादेश नव्या कचेरीकडे पाठविते. तेथे ओळखीची कागदपत्रे दिली की नवे पासबुक मिळते आणि खाते जुनेच, अखंड मानले जाते. वर्षाच्या मध्येच कचेरी बदलली म्हणून वर्षाचे व्याज बुडत नाही. जुन्या पासबुकाची प्रत जवळ ठेवावी, आणि नव्या पासबुकात खाते उघडल्याची मूळ तारीख व वारसाचे नाव बरोबर उतरले आहे की नाही, हे खिडकीवरच पाहून घ्यावे.

ही मूळ तारीख का जपावयाची? १५ वर्षांची मुदत खाते उघडले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजली जाते. कर्जाची व अंशतः पैसे काढण्याची सवलतही याच वयावर अवलंबून असते. मुदतीपूर्वी खाते मोडण्यास पाच वर्षांनंतर आणि गंभीर आजार, उच्च शिक्षण यांसारख्या मोजक्या कारणांसाठीच परवानगी आहे आणि त्यातही व्याजात एक टक्का कपात होते. उलट, १५ वर्षे पुरी झालेले जुने खाते पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. त्यासाठी वर्षभराच्या आत अर्ज देण्याचे तेवढे भान हवे. जुन्या झाडाची फळे घ्यावयाची तर ते उपटून चालत नाही, हे संत्र्याच्या बागा राखणाऱ्या अमरावतीकरांस वेगळे सांगावयास नको.

दोन खाती उघडण्याचा मोह तर याहून घातक. नियमाने एका व्यक्तीस स्वतःच्या नावे एकच खाते ठेवता येते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये परिपत्रक काढून १ ऑक्टोबर २०२४ पासून याविषयी कडक धोरण लागू केले. त्यानुसार दुसरे खाते मुख्य खात्यात मिळवावयाचे, मर्यादेपलीकडील रक्कम बिनव्याजी परत करावयाची आणि तिसऱ्या व पुढील खात्यांवर उघडल्या दिवसापासून काहीच व्याज द्यावयाचे नाही. अधिक व्याजाच्या आशेने केलेला खटाटोप शून्य व्याजावर येऊन थांबतो तो असा.

त्याच परिपत्रकाने सुकन्या समृद्धी खात्यांचाही प्रश्न पुढे आणला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेली ही योजना दहा वर्षांखालील मुलीसाठी आहे. तिचा दर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला आणि व्याजही करमुक्त. लेकीच्या शिक्षणासाठी याहून सरस सरकारी खाते नाही. परंतु खाते उघडण्याचा अधिकार आईवडिलांचा किंवा कायदेशीर पालकाचा आहे. एकत्र कुटुंबाच्या आपल्या रीतीप्रमाणे अनेक ठिकाणी आजोबांनी नातीच्या नावे हौसेने खाती उघडली. अशी खाती आता आईवडिलांच्या पालकत्वाखाली आणावी लागतात. आजोबांच्या मायेत खोट नव्हती. त्या वेळी खिडकीवर त्यांना कोणी नियम सांगितला नाही, एवढेच.

‘करमुक्त’ या शब्दाच्या मोहिनीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ज्याच्या उत्पन्नावर मुळात करच बसत नाही, त्याला करमुक्तीचे वेगळे मोल नाही. अशा निवृत्त गृहस्थास ज्येष्ठ नागरिक बचत योजना अधिक लाभाची ठरू शकते; एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराची नवी पद्धत हीच मूळ पद्धत मानली गेली. तिच्यात निधीत भरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही, मात्र व्याज व अखेरची रक्कम करमुक्तच राहते. तेव्हा मार्चअखेरच्या धावपळीचे कारणही अनेकांपुरते उरलेले नाही. याउलट, शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी त्या पैशाच्या मुदत ठेवीवरील व्याज करपात्र आहे, हे मोठ्या बागायतदाराने विसरू नये. आणि एखादी पतसंस्था दोन टक्के अधिक देऊ करीत असेल, तर बँकेतील ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विम्याचे कवच पतसंस्थेतील ठेवीस नाही, हेही ध्यानी असावे.

हे सर्व लोकांना सांगावयाचे कोणी? पूर्वी अल्पबचतीचे अभिकर्ते घरोघर फिरत. पीपीएफवरील त्यांचे कमिशन डिसेंबर २०११ पासून बंद झाले. दरमहा दारी येणाऱ्या प्रतिनिधी भगिनी आवर्त ठेवीचा हप्ता नेतात, कारण त्यावर त्यांना मोबदला आहे. निधीची गोष्ट त्यांनी काढावी तरी कशासाठी? कमिशनचा खर्च सरकारने वाचविला, पण त्या जागी सांगणारे दुसरे माणूस उभे केले नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांपुढे अंशदायी निवृत्तिवेतन आले. जुन्या पेन्शनची निश्चिंती नसलेल्या या पिढीला अशा मार्गदर्शनाची गरज तर अधिकच आहे.

प्रत्येक टपाल कचेरीत आणि बँकेत दर्शनी भागी मराठीत चार ओळींचा फलक लावणे काही अवघड नाही : दर सर्वत्र सारखा, पैसे पाच तारखेच्या आत, खाते एकच, हलवावयाचे तर बदली, बंद नव्हे. बदलीचा अर्ज ठराविक दिवसांत निकाली निघावा आणि खातेदारास तो कोठे अडला हे लेखी कळावे, एवढी शिस्तही डाक खात्याने व बँकांनी लावून घ्यावी. सरकार व्याजाचा दर एका आदेशाने खाली आणू शकते. दरावर सामान्य माणसाचा ताबा नाही. तारीख मात्र त्याच्या हाती आहे. घरातील पासबुक आजच काढून मागील वर्षीच्या भरण्याच्या तारखा पाहाव्यात. त्या पाचच्या अलीकडे आहेत की पलीकडे, यावरून आपण किती गमावले याचा हिशेब प्रत्येकास स्वतःच मांडता येईल.