पैसे कापले, ऑर्डर नाही: ऑनलाइन पेमेंट नेमकं कुठे अडकतं?

ज्यांचं ऑनलाइन पैसे भरताना कधीतरी अडकलं आहे, त्यांनी जरा हात वर करा. बरं, जवळजवळ सगळेच आहात. म्हणजे आजचा विषय कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण त्या क्षणी काय करायचं, हे मात्र आपल्याला कुणीच शिकवलेलं नसतं.

आधी घरातली गोष्ट सांगतो. माझ्या मावसबहिणीचा एका परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस, रात्रीचे साडेदहा. फी साडेनऊशे रुपये. मावशीने फोनवर पिन टाकला, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, आणि फॉर्मच्या पानावर मात्र लाल अक्षरांत 'पेमेंट अयशस्वी'. तिने घाईघाईने पुन्हा भरले. पुन्हा तेच. मग घाबरून इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधलं, पहिला सापडलेला नंबर लावला. समोरचा माणूस अतिशय अदबीने बोलला. "काकू, तुमचा परतावा मंजूर झालाय, फक्त पिन टाका." त्यात अठरा हजार गेले. या सगळ्यात बारा वाजले आणि फॉर्म बंद झाला.

पुढे काय झालं? तिसऱ्या दिवशी पहिले साडेनऊशे आपोआप परत आले. पाठोपाठ दुसरेही आले. ज्या पैशांसाठी ती घाबरली होती ते परत आलेच. अठरा हजार आले नाहीत, आणि फॉर्मही गेला. आज जे सांगणार आहे ते एवढ्यासाठीच.

मनीऑर्डर आणि पोचपावती

जुन्या मंडळींना मनीऑर्डर आठवत असेल. मुंबईहून गिरणीतला माणूस गावी पैसे पाठवायचा. पोस्टमन घरी पैसे द्यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि ती पोचपावती उलट मुंबईला जायची. समजा पैसे पोचले आणि पावती वाटेत अडकली, तर पाठवणाऱ्याला काय वाटणार? पैसे बुडाले! म्हणजे वाटा दोन होत्या, एक पैशाची आणि दुसरी पावतीची.

ऑनलाइन पेमेंटही असंच आहे. तुम्ही 'पैसे भरा' दाबता तेव्हा दुकानाचं संकेतस्थळ पेमेंट गेटवेला सांगतं. गेटवे दुकानाच्या बँकेमार्फत मधल्या यंत्रणेकडे जातो. यूपीआय असेल तर ही यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची, कार्ड असेल तर त्या कार्डाच्या नेटवर्कची. तिथून निरोप तुमच्या बँकेकडे. तुमची बँक हो किंवा नाही म्हणते, आणि ते उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर दुकानाचं पान थांबत नाही. ते सरळ 'अयशस्वी' लिहून मोकळं होतं.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: 'अयशस्वी' या एकाच शब्दामागे तीन वेगळ्या अवस्था असतात. एक, पैसे गेलेच नाहीत. दोन, पैसे गेले पण दुकानाला कळलं नाही. तीन, अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही, म्हणजे 'पेंडिंग'. आपली कोणती अवस्था आहे हे कळल्याशिवाय पुन्हा बटण दाबायचं नाही.

पहिली अवस्था: पैसे गेलेच नाहीत

ही सगळ्यात सोपी. तुमच्या बँकेने 'नाही' म्हटलं आहे, आणि त्याला कारण आहे. कार्डाच्या व्यवहारात हे कारण दोन आकड्यांत येतं. ५१ म्हणजे शिल्लक कमी. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ९१ म्हणजे बँकेची यंत्रणाच बंद आहे. ०५ म्हणजे बँकेने नकार दिला, कारण सांगितलं नाही. अशा वेळी बँकेलाच विचारावं लागतं. यूपीआयमध्ये 'झेड ९' म्हणजे शिल्लक नाही आणि 'झेडएम' म्हणजे पिन चुकला.

इथे बरेच जण एका गोष्टीवर अडकतात. नवं डेबिट कार्ड येतं, एटीएममध्ये चालतं, दुकानात चालतं, पण ऑनलाइन चालत नाही. कार्ड बिघडलेलं नसतं. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालेल. ऑनलाइन वापर आपण स्वतः सुरू करायचा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ते बटण असतं, तिथेच मर्यादाही ठरवता येते.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे ओटीपी जुन्या नंबरवर जातो. बँकेत नंबर बदललेला नसतो. आणि तिसरं, फोन किंवा सिम बदलून यूपीआय नव्याने सुरू केलं की पहिला एक दिवस मर्यादा खूप कमी असते. त्या दिवशी मोठी फी भरायला बसू नका.

दुसरी अवस्था: पैसे गेले, दुकानाला कळलं नाही

मावशीचं हेच झालं. इथे आपल्या बाजूने एक भक्कम नियम आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. दुकानाला किंवा संस्थेला ऑनलाइन पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली आणि समोरच्याला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. यूपीआयलाही हेच, कार्डालाही हेच. हे दिवस कॅलेंडरचे; सुट्ट्या वगळायच्या नाहीत. म्हणजे ४ तारखेला भरले तर ९ तारखेपर्यंत परत. त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई, आणि तीही तक्रारीची वाट न बघता खात्यात जमा करायची. यूपीआयने एका माणसाने दुसऱ्याला पैसे पाठवले आणि ते पोचले नाहीत, तर मुदत फक्त एक दिवस.

आता यातलं मर्म बघा. नियम पैसे परत देतो, मुदत परत देत नाही. फॉर्म बाराला बंद होणार असेल तर पाच दिवसांनी आलेल्या साडेनऊशेचा काय उपयोग? म्हणून शेवटच्या दिवशी डोकं असं चालवायचं: पहिली रक्कम नियमाने सुरक्षित आहे, तिची काळजी उद्या. आज फॉर्म पूर्ण करायचा.

कसा? मागे जायचं बटण दाबू नका, पान रिफ्रेश करू नका. वेगळ्या खिडकीत पुन्हा लॉगिन करा आणि आपला अर्ज किंवा ऑर्डर काय दाखवते ते बघा. बऱ्याच फॉर्मांवर 'पेमेंट स्टेटस' किंवा 'व्हेरिफाय पेमेंट' असं बटण असतं. ते दाबलं की संकेतस्थळ बँकेकडे पुन्हा चौकशी करतं, आणि अनेकदा अडकलेली पावती तिथेच सापडते. पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा बघा. तरीही 'फी भरलेली नाही' असंच दिसत असेल आणि मुदत संपत आली असेल, तर शांतपणे दुसऱ्यांदा भरा. पण मार्ग बदलून. यूपीआय अडकलं तर कार्ड, एका बँकेचं अडकलं तर दुसऱ्या बँकेचं. ज्या वाटेवर गाडी अडकली त्याच वाटेवर दुसरी गाडी घालायची नाही.

एक सावधगिरी. दोन्ही वेळचे पैसे दुकानापर्यंत पोचले, तर तो फसलेला व्यवहार राहत नाही. तिथे पाच दिवसांचा नियम लागत नाही. परतावा दुकानाकडून किंवा संस्थेकडून मागावा लागतो. म्हणून दोन्ही व्यवहारांचे क्रमांक जपून ठेवा. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो. तो, रक्कम, वेळ आणि पानाचा स्क्रीनशॉट. बँकेला ओळख असते ती या क्रमांकाची.

तिसरी अवस्था: पेंडिंग

इथे काहीच न करणं हेच काम. पुन्हा भरण्याआधी त्याचं 'यशस्वी' किंवा 'अयशस्वी' होऊ द्या. घाई असेल तरच वर सांगितलेला दुसरा मार्ग.

तक्रार, आणि तो गोड आवाज

तक्रार करायची ती ज्या अ‍ॅपमधून पैसे गेले त्याच अ‍ॅपमधल्या त्या व्यवहारावर जाऊन, किंवा बँकेत. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. इंटरनेटवर शोधायचा नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: पैसे मिळवायला पिन कधीही लागत नाही. पिन फक्त पैसे देताना आणि शिल्लक बघताना लागतो. 'परताव्यासाठी पिन टाका' हे वाक्य ऐकलं की फोन ठेवून द्यायचा.

श्रोत्यांमधून प्रश्न: पिन टाकून बसलोच, तर मग काय?

त्याच क्षणी बँकेला कळवा आणि १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची मदतवाहिनी आहे. लाज वाटून दोन दिवस गप्प बसू नका. २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, ग्राहकाच्या चुकीने गेलेला पैसा ग्राहकाचाच जातो, पण बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात गोठवताही येतात. मावशीने दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं, तेही मला. तिला वाटलं, लोक हसतील. कुणी हसलं नाही, पण तोवर खातं रिकामं झालं होतं.

मावसबहीण पुढच्या वर्षी परीक्षेला बसली. फी दहा दिवस आधी भरली होती. तेव्हाही पेमेंट एकदा अडकलं, पण त्या रात्री घरात सगळे निवांत झोपले.